अकरा विजयांचा हिशेब
गणपतराव देशमुख, सांगोला आणि शेतकरी कामगार पक्ष

१९६२ साली शेतकरी कामगार पक्षाचे पंधरा आमदार महाराष्ट्राच्या विधानसभेत निवडून आले. त्यांत सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला मतदारसंघातून आलेले, पस्तिशीतले एक वकील होते. बावन्न वर्षांनी, २०१४ साली, त्याच पक्षाचे तीन आमदार निवडून आले. त्या तिघांत तेच वकील होते. या अर्धशतकात पक्ष पंधरावरून तिनावर आला आणि गणपतराव अण्णासाहेब देशमुख एकावरून अकरा विजयांवर गेले.

गणपतरावांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. एसटीने प्रवास करणारा आमदार, आमदार निवासातल्या साध्या खोलीत राहणारा आमदार, मंत्रिपद गेल्यावर पहिल्यासारखा गावात परतणारा आमदार, अशी त्यांची प्रतिमा महाराष्ट्राच्या मनात घट्ट आहे. ती खरी आहे, म्हणून तिच्याबद्दल मी अधिक लिहिणार नाही. मला प्रश्न पडतो तो वेगळा. साधेपणाने राहणारे कार्यकर्ते शेकापकडे कमी नव्हते. पक्षाचे किल्ले एकामागून एक पडत असताना सांगोलाच इतकी वर्षे का टिकला? आणि तो टिकल्याने पक्षाच्या आणि तालुक्याच्या हाती शेवटी काय लागले? या दोन प्रश्नांची उत्तरे चरित्रापेक्षा निवडणुकांच्या तक्त्यात अधिक सापडतात, असे मला वाटते.

विक्रमाची मोजदाद

आधी आकडे नीट मांडू. गणपतराव सांगोल्यातून १९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे अकरा वेळा विजयी झाले. यातली १९७४ ची पोटनिवडणूक होती. १९७२ आणि १९९५ या दोन निवडणुका ते हरले. म्हणजे तेरा लढती, अकरा विजय, दोन पराभव. आणि या सगळ्या लढती एकाच मतदारसंघात, एकाच पक्षाकडून.

‘पंचावन्न वर्षे आमदार’ असा उल्लेख अनेकदा होतो. प्रत्यक्ष सभागृहातला काळ मोजला तर १९६२ ते १९७२ ही दहा वर्षे, १९७४ ते १९९५ ही सुमारे एकवीस आणि १९९९ ते २०१९ ही वीस, असा एक्कावन्न वर्षांच्या आसपासचा हिशेब येतो. चार-पाच वर्षे कमी भरल्याने त्यांची थोरवी उणावत नाही. पण जी सहा वर्षे या बेरजेतून गळतात, तीच त्यांची कारकीर्द समजून घ्यायला सर्वांत उपयोगी आहेत. त्यांच्याकडे पुढे येतो.

दुसरा मुद्दा ‘देशातला विक्रम’ या शब्दांचा. २००९ च्या दहाव्या विजयानंतर त्यांची तुलना एम. करुणानिधी यांच्याशी होऊ लागली. करुणानिधी १९५७ पासून २०१६ पर्यंत तेरा वेळा तमिळनाडूच्या विधानसभेवर निवडून गेले आणि लढलेली एकही विधानसभा निवडणूक हरले नाहीत. मात्र कुळित्तलै, तंजावर, सैदापेट, अण्णानगर, हार्बर, चेपॉक, तिरुवारूर असे त्यांचे मतदारसंघ बदलत गेले. एकाच मतदारसंघाची कसोटी लावली तर केरळकडे पाहावे लागते. पाला मतदारसंघातून के. एम. मणी १९६५ पासून तेरा वेळा निवडून आले. त्यांतली १९६५ ची विधानसभा प्रत्यक्षात भरलीच नव्हती. पुदुपल्लीतून ओमन चांडी १९७० ते २०२१ या काळात सलग बारा वेळा विजयी झाले. तेव्हा अकराचा आकडा देशात सर्वोच्च नाही. महाराष्ट्रात मात्र तो निर्विवाद सर्वोच्च आहे. आज त्याच्या सर्वांत जवळ आहेत ते मुंबईचे कालिदास कोळंबकर. २०२४ मध्ये ते नवव्यांदा निवडून आले. पण त्यांचे नऊ विजय शिवसेना, काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष अशा तीन पक्षांचे आहेत.

इथेच गणपतरावांच्या आकड्याचे वेगळेपण आहे. करुणानिधींच्या मागे सत्ताधारी होऊ शकणारा पक्ष होता. मणी आणि चांडी ज्या आघाडीत होते ती केरळात दर काही वर्षांनी सत्तेवर येत असे. गणपतरावांचा पक्ष महाराष्ट्रात स्वबळावर कधी सत्तेजवळही पोचला नाही. सुमारे एक्कावन्न वर्षांपैकी चार-साडेचार वर्षे सोडली तर ते विरोधी किंवा सत्तेबाहेरच्या बाकांवर होते. सत्तेबाहेर राहून इतके विजय, हे या विक्रमाचे खरे वर्णन होय.

पंधरा, एकोणीस, सात, तेरा...

शेतकरी कामगार पक्षाचा जन्म काँग्रेसच्या पोटातला. शंकरराव मोरे, केशवराव जेधे आणि त्यांचे सहकारी यांनी १९४७ मध्ये काँग्रेसअंतर्गत संघ काढला आणि १९४८ मध्ये तो स्वतंत्र पक्ष झाला. बहुजन समाजातला शिकलेला तरुण, ब्राह्मणेतर चळवळीचा वारसा आणि मार्क्सवादी विचार यांची सांगड घालण्याचा तो प्रयत्न होता. १९५० च्या दाभाडी अधिवेशनातल्या प्रबंधाने पक्षाला त्याची तात्त्विक बैठक दिली. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, १९५७ साली, पक्षाचे एकतीस आमदार झाले. हा त्याचा कळस.

पुढचा प्रवास आकड्यांतच पाहावा. १९६२ मध्ये पंधरा, १९६७ मध्ये एकोणीस, १९७२ मध्ये सात, १९७८ मध्ये तेरा, १९८० मध्ये नऊ, १९८५ मध्ये पुन्हा तेरा, १९९० मध्ये आठ, १९९५ मध्ये सहा, १९९९ मध्ये पाच, २००४ मध्ये दोन, २००९ मध्ये चार, २०१४ मध्ये तीन. ही रेघ सरळ खाली उतरत नाही. मधे मधे ती डोके वर काढते. पण आधीच्या शिखराच्या वर ती पुन्हा जात नाही.

या ओहोटीची कारणे अभ्यासकांनी वारंवार सांगितली आहेत. केशवराव जेधे १९५४ मध्ये काँग्रेसमध्ये परतले, यशवंतराव मोहिते १९६० च्या सुमारास गेले, आणि यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात असे अनेकजण सामावले गेले. साखर कारखाना, जिल्हा बँक, जिल्हा परिषद या तीन खांबांवर ग्रामीण महाराष्ट्राचे राजकारण उभे राहिले आणि ते खांब बहुतेक ठिकाणी काँग्रेसच्या हाती होते. ज्याला ऊस घालायचा, कर्ज काढायचे, रस्ता मागायचा, त्याला त्या खांबांपाशी जावेच लागे. पुढे ऐंशीच्या दशकात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने शेतमालाच्या भावाचा प्रश्न हाती घेतला आणि शेतकऱ्यांचा आवाज म्हणून असलेली शेकापची मक्तेदारी संपली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात शिवसेना खेड्यांत शिरली आणि काँग्रेसवर रागावलेल्या तरुणाला दुसरे घर मिळाले.

अलिबागचे दत्ता पाटील, पनवेल-उरणचे दि. बा. पाटील, कंधारचे केशवराव धोंडगे, उस्मानाबादचे उद्धवराव पाटील, कोल्हापूरचे एन. डी. पाटील या प्रत्येकाचा आपापला बालेकिल्ला होता आणि प्रत्येकाची विधानसभेत जरब होती. रायगडचा काही भाग सोडला तर त्यांतला एकही शेकापच्या हाती टिकला नाही. सांगोला टिकला.

माणकाठचा तालुका

याचे पहिले उत्तर भूगोलात आहे. सांगोला हा माणदेशाचा भाग. सातारा जिल्ह्यात उगम पावलेली माण नदी आटपाडीवरून सांगोल्यात येते आणि पुढे भीमेला मिळते. वर्षातला बराच काळ तिचे पात्र म्हणजे नुसती वाळू. सह्याद्रीने अडवलेल्या पावसाच्या सावलीतला हा मुलूख. बाजरी, ज्वारी, मेंढरे आणि खिलार जनावरे यांच्यावर जगणारा. सांगोल्याचा जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मुळे या मुलखाची ओळख मराठी वाचकाला आहेच.

राजकीयदृष्ट्या याचा अर्थ असा की, ज्या पाण्यावर पश्चिम महाराष्ट्रातली साखर आणि साखरेवरची सत्ता उभी राहिली, ते पाणी इथे नव्हते. शेजारच्या माळशिरस आणि पंढरपूर तालुक्यांत कालव्याच्या आधाराने कारखानदारी वाढली, तसा विस्तार सांगोल्यात होणे शक्य नव्हते. म्हणून इथे काँग्रेसचा तो मोठा खांब इतरत्र होता तितका भक्कम कधी झाला नाही. विरोधी पक्षाला जी फट लागते ती दुष्काळाने ठेवली होती.

दुसरे उत्तर समाजरचनेत आहे. शेकाप हा मुख्यतः मराठा शेतकऱ्यांचा पक्ष मानला जाई. गणपतराव धनगर समाजातले, आणि सांगोला तालुक्यात हा समाज मोठ्या संख्येने आहे. त्यामुळे इथली पक्षाची बांधणी पक्षाच्या इतर बालेकिल्ल्यांपेक्षा वेगळी झाली. एका जातीच्या मतांवर अकरा निवडणुका जिंकता येत नाहीत. तेवढ्याने काम भागत असते तर दोन पराभव झाले नसते. पण ज्या समाजाला काँग्रेसच्या वाड्यांवर मानाचे पान मिळत नव्हते त्याला इथे नेतृत्व मिळाले, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

तिसरे उत्तर संस्थेत आहे. सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी ही गणपतरावांच्या कामातली सर्वांत ठळक खूण. कापसाचा पट्टा नसलेल्या तालुक्यात सूतगिरणी चालवायची, हा त्या काळी अनेकांना उफराटा वाटणारा विचार. पण त्यामागचे गणित पाहावे. साखर कारखान्याला पाणी हवे. सूतगिरणीला बाहेरून आणलेला कापूस चालतो. पाऊस पडो न पडो, चात्या फिरत राहतात आणि महिन्याला पगार होतो. महाराष्ट्रातल्या कित्येक सहकारी सूतगिरण्या तोट्यात बुडाल्या, काही तर यंत्रे बसण्याआधीच. सांगोल्याची गिरणी मात्र नीट चालणाऱ्या मोजक्या गिरण्यांत गणली गेली. याचा राजकीय परिणाम असा झाला की, विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्याला तालुक्यात उभे राहायला स्वतःची जागा मिळाली. शेकापच्या इतर पुढाऱ्यांकडे मोर्चे होते, सभागृहातली भाषणे होती, काही ठिकाणी शिक्षणसंस्थाही होत्या. पण गावोगावच्या घरात दरमहा पगार पोचवणारी संस्था फार थोड्यांकडे होती.

दोन पराभव

आता त्या गळलेल्या सहा वर्षांकडे वळू. १९७२ ची निवडणूक इंदिरा गांधींच्या लाटेची. २७० पैकी २२२ जागा काँग्रेसला मिळाल्या. शेकाप एकोणिसावरून सातावर घसरला. सांगोल्यात काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटील यांनी गणपतरावांचा पराभव केला.

निवडणूक मार्चमधली. त्या वर्षीचा पावसाळा कोरडा गेला आणि महाराष्ट्रावर तो दुष्काळ आला ज्याने पुढची सगळी धोरणे बदलली. खडी फोडण्याच्या कामांवर लाखो माणसे आली. मजुरी, धान्य आणि कामाचा हक्क यांसाठी शेकाप, कम्युनिस्ट, समाजवादी, लाल निशाण अशा पक्षांनी एकत्र लढे उभारले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर रुजली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. म्हणजे सांगोल्यावर सर्वांत वाईट वेळ आली तेव्हा गणपतराव सभागृहात नव्हते. त्यानंतर काकासाहेबांच्या निधनामुळे १९७४ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि तीत ते निवडून आले. लाटेत गेलेली जागा दोन वर्षांत, लाट ओसरल्यावर, परत आली. माझ्या मते सांगोल्याशी असलेले त्यांचे नाते पक्के झाले ते १९६२ मध्ये नव्हे, तर १९७४ मध्ये. पहिल्या दोन विजयांत पक्षाचा वाटा मोठा होता. तिसऱ्या वेळी पक्षाची राज्यात वाताहत झालेली होती आणि तरीही लोकांनी त्यांना पाठवले.

दुसरा पराभव १९९५ चा. आता विरुद्ध बाजूला होते काँग्रेसचे शहाजीबापू पाटील. फरक १९२ मतांचा. एखाद्या मोठ्या वाडीची मते म्हणा. गंमत अशी की, ही निवडणूक राज्यात काँग्रेस हरली ती. शिवसेनेला ७३, भाजपला ६५ जागा मिळून युतीचे सरकार आले, काँग्रेस ८० वर अडकली. काँग्रेसविरोधी वारे वाहत असताना काँग्रेसचा आयुष्यभराचा विरोधक काँग्रेसकडून हरला. राज्याचे वारे आणि सांगोल्याचे वारे एकाच दिशेने वाहत नाहीत, हे यातून दिसते.

या १९२ मतांनी आणखी एक गोष्ट उघडी केली. सांगोला हा एकमुखी मतदारसंघ कधीच नव्हता. गणपतरावांच्या बाजूने जेवढी माणसे होती, त्यांच्या जवळपास येणारी संख्या विरुद्ध बाजूलाही होती. शहाजीबापू पुढच्या निवडणुकांतही लढत राहिले. २०१४ मध्ये ते शिवसेनेकडून उभे होते. तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर आलेल्या गणपतरावांनी त्यांना पंचवीस हजारांच्या घरातल्या मताधिक्याने हरवले. तरी हरलेल्या बाजूची मते हजारोंनी उरलीच होती. अकरा विजयांचे कौतुक करताना हा दुसरा तालुका आपण विसरतो. तो गप्प बसलेला नव्हता. तो दर पाच वर्षांनी मतदान करत होता. गणपतरावांना दर वेळी गावोगाव फिरावे लागले, दर वेळी उत्तर द्यावे लागले, त्याचे एक कारण हा दुसरा तालुका आहे. लोकशाहीच्या दृष्टीने ही सांगोल्याची जमेची बाजू होय.

विरोधी बाक आणि मंत्र्याची खुर्ची

विधानसभेतल्या त्यांच्या कामगिरीत तीन टप्पे ठळक आहेत. पहिला १९७७ चा. विरोधी पक्षनेते दि. बा. पाटील लोकसभेवर निवडून गेले आणि ते पद गणपतरावांकडे आले. १९७८ च्या निवडणुकीपर्यंतच्या काही महिन्यांपुरते ते होते. पण कृष्णराव धुळप, दि. बा. पाटील आणि गणपतराव अशी ही परंपरा पाहिली की, १९६२ पासून १९७८ पर्यंत महाराष्ट्राचे विरोधी पक्षनेतेपद सलग शेकापकडे होते हे लक्षात येते. पंधरा-वीस आमदारांचा, पुढे तर सात आमदारांचा हा पक्ष राज्याचा मुख्य विरोधी आवाज होता.

दुसरा टप्पा पुलोदचा. जुलै १९७८ मध्ये शरद पवार मुख्यमंत्री झाले, शेकाप सरकारात गेला. एन. डी. पाटील सहकारमंत्री झाले, गणपतरावही मंत्री झाले. फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने ते सरकार बरखास्त केले. दीड-पावणेदोन वर्षांचा हा संसार. त्यानंतरच्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला १८६ जागा मिळाल्या. शेकाप नऊवर आला. सांगोला त्या नवांत होता.

तिसरा टप्पा १९९९ चा. दोन्ही काँग्रेसच्या आघाडी सरकारला पाच आमदारांच्या शेकापने साथ दिली आणि विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गणपतरावांकडे पणन आणि रोजगार हमी ही खाती आली. दुष्काळी कामांच्या आठवणीवर वाढलेल्या तालुक्याच्या आमदाराकडे रोजगार हमीचे खाते यावे, हा योग चांगला होता. पण जून २००२ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या राष्ट्रवादीशी झालेल्या भांडणातून शेकापने पाठिंबा काढला आणि मंत्रिपद गेले. रायगडातल्या वादात सांगोल्याचा काही संबंध नव्हता. तरी पक्षाचा निर्णय झाला आणि गणपतराव बाहेर पडले. त्यांच्या आधी आणि नंतर कितीजण अशा वेळी पक्ष सोडून खुर्चीबरोबर राहिले, हे महाराष्ट्राला सांगायला नको.

पाणी

या सगळ्या वर्षांत तालुक्याला मिळाले काय? सांगोल्यापुरता हा प्रश्न पाण्यापाशीच येऊन थांबतो.

कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत आयोगाने, महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी दिले आणि ३१ मे २००० नंतर त्या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल असे ठरवले. त्या मुदतीच्या आत आपल्या वाट्याचे पाणी अडवणे राज्याला भाग होते. अडवलेले पाणी नदीकाठच्या उसालाच जाणार की उंचावरच्या दुष्काळी तालुक्यांनाही मिळणार, हा खरा वाद होता. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांना एकत्र बांधून नव्वदच्या दशकात आटपाडीच्या पाणी परिषदा सुरू केल्या. ‘समन्यायी पाणीवाटप’ हा शब्द या परिषदांनी पश्चिम महाराष्ट्राच्या राजकारणात रुजवला. जमीन कमी असो वा जास्त, प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा, ही त्यामागची मागणी. दाभाडी प्रबंधात ज्या शोषित शेतकऱ्याचा विचार होता त्याला चाळीस वर्षांनी सापडलेला हा नवा कार्यक्रम होता, असे म्हणता येईल.

पुढे १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि कराडजवळून कृष्णेचे पाणी उचलून सांगली जिल्ह्यातून सांगोल्यापर्यंत नेणाऱ्या टेंभू योजनेला गती आली. हे घडले तेव्हा सत्तेवर युती होती आणि गणपतराव १९२ मतांनी सभागृहाबाहेर होते. योजना रखडल्या, खर्च फुगले, पाणी येईपर्यंत एक पिढी गेली. तरी टेंभू, म्हैसाळ आणि नीरा उजवा कालवा यांच्या टोकाशी सांगोल्याचे नाव राहिले ते परिषदांतून, मोर्च्यांतून आणि सभागृहातल्या चिकाटीतून. विरोधी आमदार योजना मंजूर करू शकत नाही. पण आराखड्यातून आपला तालुका पुसू न देण्याचे काम तो करू शकतो. ते पन्नास वर्षे करावे लागते, हीच त्यातली मेख.

दरम्यान तालुक्याने स्वतःही वाट काढली. १९९० च्या सुमारास आलेल्या रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने डाळिंबाला बळ दिले. थोड्या पाण्यावर, ठिबकवर येणारे हे झाड सांगोल्याच्या खडकाळ रानाला मानवले. तेल्या रोगाने बागा बसल्या, पुन्हा उठल्या. आजचा सांगोला १९६२ चा नाही. त्याचे श्रेय एका माणसाला देणे त्या शेतकऱ्यांवर अन्यायाचे होईल, आणि गणपतरावांनाही ते आवडले नसते.

पक्ष उरला कुठे?

२०१९ मध्ये वयामुळे गणपतरावांनी उमेदवारी घेतली नाही. आधी एका कार्यकर्त्याचे नाव पुढे आले, नंतर ते बदलून नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उभे करण्यात आले. शिवसेनेचे शहाजीबापू पाटील ७६८ मतांनी निवडून आले. १९२ आणि ७६८, दोन्ही निसटत्या फरकांच्या मागे तोच अर्धा अर्धा सांगोला आहे. त्याच निवडणुकीत अलिबाग आणि पेणही गेले. पक्षाला एकच जागा मिळाली, ती नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याची. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गणपतरावांचे निधन झाले तेव्हा ते ९४ वर्षांचे होते आणि त्यांच्या सांगोल्यात त्यांच्या पक्षाचा आमदार नव्हता.

२०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी सांगोला परत घेतला. गुवाहाटीहून केलेल्या एका फोनमुळे मधल्या काळात राज्यभर गाजलेले शहाजीबापू पंचवीस हजारांहून अधिक मतांनी हरले. मित्रपक्षाने वेगळा उमेदवार दिलेला असतानाही हा विजय मिळाला. राज्यभरात शेकापचा तेवढा एकच आमदार निवडून आला.

मला या कारकिर्दीतला सर्वांत कठीण प्रश्न इथे दिसतो. शंकरराव मोरे आणि जेधे यांनी काढलेला, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एकतीस आमदार निवडून आणणारा, सोळा वर्षे विरोधी पक्षनेतेपद सांभाळणारा पक्ष आज विधानसभेत एका तालुक्यापुरता आणि त्या तालुक्यात एका घरापुरता उरला आहे. गणपतरावांनी पक्ष वाचवला असे म्हणता येते, कारण सांगोला नसता तर २००४ मध्येच विधानसभेतला पक्ष एका आमदारावर आला असता. आणि पक्षाला सांगोल्याची सवय लागली असेही म्हणता येते, कारण एक खात्रीची जागा असली की बाकीच्या जागा का जातात याची चिंता मागे पडते. कार्यकर्त्याच्या उमेदवारीऐवजी नातवाची उमेदवारी आली तेव्हा हा दुसरा अर्थ स्पष्ट झाला. घराणेशाहीविरुद्ध उभ्या राहिलेल्या पक्षाने घराण्याचाच आधार घ्यावा, यात मतदारांचा दोष नाही. त्यांच्यापुढे पक्ष म्हणून दुसरे काही उरले नव्हते.

तरीही अकरा विजयांचा हिशेब मी तोट्यात मांडणार नाही. महाराष्ट्रात विरोधी पक्षाचा आमदार म्हणजे पुढच्या निवडणुकीआधी सत्तेत जाणारा माणूस, असा समज आता रूढ झाला आहे. पाण्यासाठी, निधीसाठी, तालुक्याच्या विकासासाठी पक्ष बदलावा लागतो, हे कारण दर महिन्याला कुणीतरी देत असतो. सांगोल्याचा तक्ता त्या कारणापुढे ठेवून पाहावा. सत्तेबाहेर राहून गिरणी चालली, पाण्याच्या आराखड्यात तालुका राहिला, आणि दोनदा हरवूनही त्याच माणसाला लोकांनी परत बोलावले. शेजारच्या तालुक्यांइतके पाणी मिळाले नाही, हेही खरे. पण सत्तेबरोबर गेलेल्या किती दुष्काळी तालुक्यांना ते मिळाले, याचा तक्ता कुणीतरी एकदा मांडायला हवा.